ईशू, तुझ्या बँडच्या प्रश्नाबद्दल

ईशू,

परवा सुनीलमामाच्या लग्नाचा व्हिडिओ बघताना तू विचारलंस, "आई, हे लोक सोल्जरसारखे कपडे घालून एवढं बेसूर का वाजवतात? ब्रिटिशांची कॉपी कशाला करायची?" मी "अगं, असतं तसं" म्हणून उठले, पण लागलं मला ते. म्हणून लिहितेय, लेक्चर वाटलं तर अर्ध्यात सोड.

त्या व्हिडिओत क्लॅरिनेट वाजवणारे उंच काका दिसतात ना, ते आमच्या लालबागच्या चाळीत तळमजल्यावर राहायचे. मिलमध्ये होते, पहिली पाळी करून यायचे आणि लग्नसराईत संध्याकाळी लाल कोट चढवून वरातीला. मग १९८२ चा संप झाला, त्यांची नोकरी गेली ती गेलीच, आणि बँडवरच घर चालायला लागलं. पण चातुर्मासात लग्नं नसतात, मग गणपतीचे दिवस सोडले तर काम नाही, तेव्हा ते दाराशी स्टूल टाकून तासन्‌तास रियाज करायचे. सुरू करायच्या आधी रीड, म्हणजे क्लॅरिनेटच्या तोंडाशी असते ती वेताची पातळ पट्टी, ओली करायला ओठात धरून बसायचे, तेवढा वेळ काही विचारलं तर नुसत्या खुणा. नोटेशन वाचता येत नव्हतं, नवीन सिनेमाचं गाणं रेडिओवर ऐकायचं आणि रविवारच्या वरातीत वाजवायचं. आणि सूर असा सरळ लावायचेच नाहीत, भोकावरून बोट हळूहळू उचलत मींड घ्यायचे, गाणाऱ्याच्या गळ्यासारखी. तुझ्या शाळेच्या बँडच्या सरांच्या ट्यूनरवर, त्या सूर मोजायच्या यंत्रावर, ते चुकीचंच दिसेल गं.

अर्थात सगळीच काही मींड नव्हती, बेसूरही व्हायचं. उन्हात वाद्यातली हवा तापली की सूर वर चढतो, सगळ्यांचा सारखा चढत नाही, आणि थांबून जुळवून घ्यायला वेळ कोण देणार, पुढे नाचणारे ओरडत असतात "अजून जोरात!" तुम्ही एसी हॉलमध्ये आधी बी फ्लॅट या एका सुराला सगळी वाद्यं जुळवून घेता, ते चालत चालत, ट्रॅफिकमधून.

आता कोट. हो, तो पलटणींच्या बँडवरूनच आला, मुंबईत गोऱ्या सैन्याचे बँड मैदानांवर वाजायचे, कूपरेजला अजून जुना बँडस्टँड आहे. पण घेतला आणि आपला करून टाकला. गोव्याची मुलं चर्चच्या शाळेत सोल्फा, म्हणजे त्यांचं डो-रे-मी, आणि व्हायोलिन शिकून मुंबईत आली, कोणी बँडमध्ये, कोणी हॉटेलात, पुढे हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात. वाद्यंही इथेच बनायला लागली, मेरठच्या जली कोठीत. वरळी कोळीवाड्यात हळदीला ब्रास बँड वाजला की कोणाच्या मनात राणीची पलटण येते सांग बरं?

आणि तुझ्या मार्चिंग बँडचा सोनेरी बटणांचा कोट कुठून आला? तोही सैन्यातूनच. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत सैन्यातले कितीतरी बँडवाले शाळांमध्ये शिकवायला लागले, वाद्यांच्या कंपन्यांनी १९२३ साली शिकागोत शाळांच्या बँडची राष्ट्रीय स्पर्धा भरवली, झालं. ज्या जॉन फिलिप सूझा या अमेरिकन संगीतकाराचे मार्च तू वाजवतेस ते १८८० ते १८९२ यूएस मरीन बँडचे प्रमुख होते. बरं, युरोपच्या सैन्यांनी तरी मोठा ढोल आणि झांजा अठराव्या शतकात तुर्कांच्या सैन्याकडून घेतल्या, आणि नगारे तर त्याच्या कितीतरी आधी पूर्वेकडून तिकडे गेलेले. रायगडावर नगारखान्याच्या दरवाजात तू फोटो काढलास, आठवतं? मग नुसते आपलेच लोक कॉपी करतात असं का वाटलं तुला? रागावून नाही विचारत.

नाना मला १ मेला शिवाजी पार्कवर परेड बघायला न्यायचे. पोलीस बँड जवळून गेला की मोठ्या ड्रमचा ठोका पोटात जाणवायचा, मी नानांचं बोट घट्ट धरायचे. तू पहिल्यांदा शाळेत युनिफॉर्म घालून उभी राहिलीस तेव्हा मला तसंच झालं, तू म्हणालीस आई रडू नकोस, सगळे बघतायत.

पण एक गोष्ट मला पटलेली नाही, तेव्हाही आणि आताही. वरातीत बायाबापड्या डोक्यावर जड बत्त्या घेऊन दोन्ही बाजूंनी चालायच्या, त्यांच्याकडे कोणी बघायचं नाही. आणि बँडवाल्यांना जेवायला सगळ्यात शेवटी, मांडवाच्या मागे. आमच्या चाळीतले काका, ज्यांना आम्ही दिवाळीचा फराळ द्यायचो, तेसुद्धा त्या दिवशी मागेच बसले. ही पण आपलीच पद्धत, आणि तिची बाजू मी घेणार नाही.

प्राचीताईचं लग्न मे महिन्यात आहे. मामीला डीजे हवाय, मी बँडसाठी हट्ट धरलाय आणि मामाला सांगितलंय की बँडवाल्यांची पानं आपल्याच पंगतीत. तू क्लॅरिनेट आणावंस असं मला वाटतं, पण ते माझं वाटणं झालं. आणलंस तर केबिन बॅगेत जागा ठेवते, नाहीतर मी त्यात खाऊ भरेन.

तुझी,
आई