सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले, पण त्रास काहीच नाही. ऑपरेशन करावं का?

त्रास नसेल तर बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. खडा ३ सेंमीपेक्षा मोठा असेल, सोबत पॉलिप (पित्ताशयाच्या आतल्या अस्तरावर वाढलेला कोंब) असेल किंवा सिकलसेलसारखा रक्ताचा आजार असेल, तर मात्र सर्जनशी बोला.

खड्याची कळ ओळखता येते: तेलकट जेवणानंतर उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखतं, पाठीत उजव्या खांद्याकडे जातं, अर्ध्या तासापासून काही तास टिकतं. नुसते गॅस किंवा ढेकर यांचा दोष खड्यांवर टाकू नका. कळ एकदा आली की ती पुन्हा येण्याची शक्यता बरीच असते, तेव्हा दुर्बिणीतून पित्ताशय काढणं योग्य. नुसते खडे काढले तर पुन्हा होतात, म्हणून पूर्ण पिशवीच काढतात.

हा मुतखडा नव्हे. भरपूर पाणी पिऊन पडत नाही. ऑलिव्ह तेल-लिंबाच्या उपायानंतर शौचातून पडणारे हिरवे गोळे म्हणजे पोटात तयार झालेला साबण असतो, खडे नव्हेत. उलट खडा सरकून पित्तनलिकेत अडकला तर कावीळ किंवा स्वादुपिंडाला सूज येते, आणि ती जिवावर बेतू शकते.

ताप, थंडी वाजणं, डोळे पिवळे होणं, गडद लघवी, सहा तासांहून जास्त दुखणं: यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.