शैलीचं नंतर बघू

रबाळे, नवी मुंबई

प्रिय मुली,

तुझं पत्र वाचलं, फोटोही पाहिले. नोकरी सोडून पूर्णवेळ मातीकाम करू का, या प्रश्नाचं उत्तर पटकन देऊन टाकते: इतक्यात नको. गाळ्याचं भाडं आणि थ्री-फेजचं बिल दर महिन्याला येतं, गिऱ्हाईक मात्र दिवाळीच्या तोंडावर आठवण काढतं. पगार चालू असताना भांडी फुटली तर माणूस शिकतो. पगार बंद असताना फुटली की घाबरतो आणि जे खपतं तेच करत बसतो. तुझं ऐरोली इथून एकच स्टेशन. शनिवार-रविवार पुरेत.

‘माझी स्वतःची शैली कशी सापडेल’ यावर मात्र नीट लिहायला हवं. फोटोंतला एक वाडगा राकू नावाच्या जपानी भांड्यांसारखा आहे, एक ताटली मोबाइलवर पाहिलेल्या कुठल्यातरी परदेशी स्टुडिओसारखी, आणि फुलदाणी तिसऱ्याच कोणाची. हात चांगला आहे तुझा. पण सेलमध्ये ड्रेस शोधावा तशी तू शैली शोधते आहेस. माझ्या मते ती शोधून मिळत नाही. माती कोणती, भट्टी कसली, हवा किती दमट आणि भांडं वापरणार कोण, या अडचणींना रोज उत्तरं देता देता हाताला एक वळण पडतं, तेवढंच. म्हणून वर्षभर एकच वस्तू कर. चहाचा कप.

हसू नकोस. चाकावर १० सेंटिमीटर उंच काढलेला कप सुकून, भाजून ८.८ वर येतो, कारण आपली माती साधारण १२ टक्के आटते. ओल्या मातीत डोळ्याला बरोबर दिसणारा कप भट्टीतून ठेंगणा निघतो, हे हाताला पटायलाच बरेच दिवस जातात. मग कान. त्यात दोन बोटं मावली पाहिजेत, पण गरम भिंतीला टेकता कामा नयेत. काठ जाड राहिला तर चहा हनुवटीवर ओघळतो, फार पातळ केला तर बेसिनमध्ये टवका उडतो. ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा लेप, बुडापर्यंत ओघळलं तर कप भट्टीतल्या शेल्फला चिकटतो आणि जाताना शेल्फही घेऊन जातो.

केलेल्या कपांपैकी बरेचसे भाजूच नकोस. तारेने उभे काप आणि भिंत कुठे जाड राहिली ते बघ. कच्ची माती पाण्यात टाकली की परत माती होते. साधारण ६०० अंशांच्या पुढे गेली की तिच्या घडणीतलं पाणी कायमचं निघून जातं, मग ती पुन्हा मळता येत नाही. तेव्हा हा कप जगात राहायला हवा का, हे भट्टीआधी ठरव. जे राहतील ते घरी, शेजारी वाट आणि महिन्याने चहाला जा. काही कप शोकेसमध्ये गेले असतील, काही रोज ओट्यावर विसळले जात असतील. शोकेसमधल्यांचं कौतुक होईल. तू ओट्यावरच्यांची मापं घे. आणि ग्लेझवर लिंबाची फोड रात्रभर ठेवून बघ; सकाळी तिथला रंग फिका पडला तर त्यात आमटी-सोलकढी नको.

पावसाळ्यात इथे सगळं संथ चालतं. काठ आधी सुकतो, बूड ओलं राहतं आणि या ओढाताणीत तळाला चीर जाते. म्हणून काठ प्लास्टिकने झाकायचा, जरा कडक झाला की कप पालथा घालायचा. सुकला असं वाटलं तरी गालाला लावून बघ. गार लागला तर आत पाणी आहे, आणि १०० अंशांना त्याची वाफ होऊन तुझ्या कपाबरोबर शेजारचेही फुटतील. भट्टी उघडायची घाई तर अजिबात नको. ५७३ अंशांना मातीतल्या क्वार्ट्झच्या स्फटिकांचं आकारमान एकदम बदलतं, चढताना वाढतं, उतरताना घटतं. तेव्हा वारा लागला की टण्णकन आवाज येतो. तो आवाज ओळखायला कोणाला शिकवावं लागत नाही.

दिवाळीआधी धारावीच्या कुंभारवाड्यात जाऊन बस. चाकावर मातीचा एकच मोठा गोळा. त्याच्या टोकातून पणती निघते, दोऱ्याने कापली जाते, लगेच पुढची. तिथे कोणी शैलीवर बोलत नाही, तरी दोन कारागिरांच्या पणत्या शेजारी ठेवल्या तर फरक दिसतो. नुसते फोटो काढत हिंडू नकोस, पणत्या विकत घे. आणि तिथून परतल्यावर स्वतःच्या वाकड्या कपाला ‘रस्टिक’ म्हणून दहापट किंमत लावावीशी वाटली तर आवर. न ठरवता आलेला वाकडेपणा हा कच्चेपणाच. गोरोबाकाकांनी थापटणं कोणाच्याही डोक्यावर ठेवलं असतं तर हेच निघालं असतं.

जपानी कुंभार शोजी हमादांचं नाव तू ऐकलं असशील. १९२० साली बर्नार्ड लीच या इंग्रज कुंभाराबरोबर ते इंग्लंडमध्ये सेंट आइव्हजला गेले, तिथे दोघांनी भट्टी उभारली. जपानला परतल्यावर मात्र त्यांनी मशिको हे गाव निवडलं. तिथे स्वयंपाकघरातली साधी भांडी व्हायची. माती भरड. तिथलं प्रसिद्ध तांबूस-तपकिरी काकी ग्लेझ त्याच भागातल्या दगडाच्या भुकटीचं. पुढे तर हमादांनी भांड्यांवर शिक्का मारणंही सोडलं, तरी भांडी ओळखू यायची.

आपल्याला तसला दगड हवा तर माझ्या खिडकीतून पारसिकचा डोंगर दिसतो. तो बेसाल्ट आहे, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा होऊन वाहिलेला. एकदा वितळून झालेला दगड पुन्हा वितळायला फार आढेवेढे घेत नाही. त्यात निम्मी सिलिका आणि भरपूर लोह. खडीच्या क्रशरची भुकटी कुठल्याही बांधकामावर मिळेल. ती ८० नंबरच्या जाळीतून चाळ, थोडी लाकडाची राख आणि चायना क्ले ही पांढरी माती घाल, आणि १२५० अंशांच्या पुढे नेऊन बघ. काळपट तपकिरी येईल, काठावर पातळ बसेल तिथे गंजाच्या रंगाचं. प्रमाण मी सांगणार नाही. राख प्रत्येकीची वेगळी असते, तुकड्यांवर चाचण्या करून तुझं तूच काढ. डब्यातलं तयार ग्लेझ वाईट नसतं, पण ते बंगळुरूतही तसंच दिसतं.

खाडीचा चिखल मात्र आणू नकोस. त्यात मीठ असतं आणि शिंपल्यांचा चुरा. कमी तापमानाला भाजलं तर शिंपल्याचा चुना होतो, तो हवेतली ओल शोषून फुगतो आणि चांगल्या दिसणाऱ्या भांड्यातून काही दिवसांनी टवका उडतो. शिवाय तिथे फ्लेमिंगोंचं अभयारण्य आहे, २०२२ पासून पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत. तिथे फावडं घेऊन जायचं कारण नाही.

भुकटी चाळताना मास्क लाव. कामाची जागा कधी झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. सिलिकाची धूळ फुप्फुसात रुतली की निघत नाही. हे एकदाच लिहिते आहे, पण बघणार दरवेळी आहे.

शनिवारी दुपारनंतर ये, सकाळी भट्टी उतरवायची आहे. येताना तू रोज ज्यातून चहा पितेस तो कप आण, पाहुण्यांसाठीचा नको. त्याचं माप, वजन आणि कानाची जागा लिहून घेऊ. पहिले वीस कप त्याच मापाचे. बेसाल्टचं पावसानंतर.

तुझी,
ताई