पाण्याचं काम करायचंय, मग पदवी कुठली घेऊ?

ताई, मी औसा तालुक्यातली. यंदा बारावी सायन्स दिली, पीसीएम ग्रुप. सीईटीही झाली. २०१६ ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं तेव्हा मी लहान होते, पण टँकरपुढं घागर धरून उभं राहिलेलं चांगलं आठवतं. आमच्या शेतात तीन बोअर घेतले, तिन्ही कोरडे गेले. आता चौथ्यासाठी अप्पा पाणाड्याला बोलावणार आहेत. मला पाण्यावरच काम करायचंय. अप्पा म्हणतात सिव्हिल घे, नोकरी पक्की. मामा म्हणतात अ‍ॅग्री इंजिनिअरिंग. कॉलेजातल्या मॅडम म्हणतात जिऑलॉजी. ‘सगळं पाण्याचंच आहे’ असं तिघंही सांगतात. मी काय करू?

*

तिघांचंही म्हणणं खरं आहे, म्हणूनच तुझा गोंधळ उडालाय. ‘पाण्याचं काम’ म्हणजे निदान तीन वेगळी कामं आहेत. धरण, कालवा, पाणीपुरवठ्याची टाकी आणि पाइपलाइन बांधायची असेल तर सिव्हिल. पाणलोट, बांधबंदिस्ती, शेततळं, ठिबक यांत रस असेल तर मामा म्हणतात ते कृषी अभियांत्रिकी. परभणी, राहुरी, अकोला आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांत ते आहे. आणि जमिनीच्या पोटात पाणी कुठं आहे, किती आहे, कसं मुरतं हे शोधायचं असेल तर भूशास्त्र, म्हणजे मॅडम म्हणतात ते जिऑलॉजी.

यातलं तुझं कुठलं, हे मला तुझ्या पत्राच्या मागच्या पानावर दिसलं. तिसऱ्या बोअरची नोंद तू तिथं उतरवून पाठवलीस: चाळीस फुटांपर्यंत मुरूम, मग काळा पाषाण, एकशे ऐंशीला लाल थर, पुन्हा पाषाण. कुणी सांगितलं नसताना गाडीजवळ धुळीत उभं राहून तू हे लिहून घेतलंस. पोरी, भूवैज्ञानिकाचं काम इथूनच सुरू होतं! आपला बहुतेक महाराष्ट्र बेसॉल्टचा, म्हणजे लाव्हाचे प्रवाह एकावर एक साचून झालेला. तो लाल थर बहुधा अशाच दोन प्रवाहांच्या मधला. अखंड पाषाणात पाणी फारसं राहत नाही; ते झिजलेल्या, भेगाळलेल्या भागात राहतं. म्हणून बांधापलीकडच्या शेजाऱ्याला पाणी लागतं आणि तुमचा बोअर कोरडा जातो. हे वाचताना तुला पुढचं विचारावंसं वाटलं ना? तर माझं मत मॅडमच्या बाजूनं.

पण मन ओढतं म्हणून पदवी घेऊ नकोस. ज्या खुर्चीत बसायचंय, तिच्या भरतीची जाहिरात काढ आणि ‘शैक्षणिक अर्हता’ हा रकाना आधी वाच. यूपीएससीची कंबाइन्ड जिओ-सायंटिस्ट नावाची परीक्षा आहे. तिच्यातून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात भूवैज्ञानिक आणि केंद्रीय भूजल मंडळात भूजल शास्त्रज्ञ घेतले जातात. या पदांना भूशास्त्रातली किंवा तिच्या शाखेतली पदव्युत्तर पदवी लागते. नुसत्या सिव्हिलच्या पदवीवर तो फॉर्म भरता येत नाही. उलट, धरण-कालव्यावर अभियंता व्हायचं तर भूशास्त्र चालत नाही. हे दरवाजे नंतर बदलून मिळत नाहीत, म्हणून आत्ता बघायचे. (तलाठी, तहसीलदार, कलेक्टर यांचं मनात असेल तर कुठलीही पदवी चालते, त्यासाठी एवढा घोळ नको.)

आता अप्पांची बाजू. त्यांची काळजी खोटी नाही. भूशास्त्रात बीएस्सीवर भागत नाही, एमएस्सी करावीच लागते, म्हणजे बारावीनंतर साधारण पाच वर्षं. सरकारी जागा थोड्या. सिव्हिलवाल्याला गावाजवळही काम मिळतं, तुला कदाचित मुलूख सोडावा लागेल. शिवाय २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना कॅपमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून) इंजिनिअरिंगसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. तुम्ही त्यात बसत असाल तर घरच्या हिशेबात ही रक्कम मोठी आहे. मेस आणि खोलीचं भाडं मात्र दोन्हीकडं धरावंच लागेल. हे सगळं अप्पांसमोर तूच मांड, लपवू नकोस. त्यांना ‘मला आवडतं’ एवढंच ऐकवलंस तर ते घाबरतील. पाच वर्षांचा खर्च, कुठल्या परीक्षा, नाही लागली तर काय, असं कागदावर लिहून दाखव. नाही लागली तर काय, याचीही उत्तरं आहेत: पुण्यात अ‍ॅक्वाडॅम, वॉटर (WOTR) यांसारख्या संस्था भूजल आणि पाणलोटावर काम करतात, खाणकाम आणि बोगद्यांच्या प्रकल्पांनाही भूवैज्ञानिक लागतात.

निर्णयाआधी एक कर. राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं कार्यालय लातूरलाही आहे. निरीक्षण विहिरींची पाणीपातळी ते वर्षातून चारदा मोजतात: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. मेची फेरी चालू असेल तर एक दिवस सोबत यायची परवानगी माग. उन्हात विहिरीच्या काठावर वाकून टेप सोडायचा, आकडा लिहायचा, पुढच्या गावाला जायचं. दिवसअखेर कंटाळलीस तर सिव्हिलचा विचार खुशाल कर, त्यात काही कमीपणा नाही.

फॉर्म मात्र तिन्हीकडं भर, पीसीएमवर तिन्ही वाटा खुल्या आहेत. भूशास्त्र प्रत्येक सायन्स कॉलेजात नसतं, तेव्हा बीएस्सीला ते मुख्य विषय म्हणून मिळतंय का, हे प्रवेशाआधी विचार. नुसत्या ‘बीएस्सी’वर समाधान मानू नकोस. पुण्यात फर्ग्युसनला आहे. पुढं एमएस्सीला तुमच्या नांदेडच्या विद्यापीठात भूशास्त्र संकुल आहे, आणि एमएस्सी प्रवेशाची जॅम परीक्षा दिलीस तर आयआयटी मुंबईही. बीएस्सीची यादी कॅपच्या फेऱ्यांची वाट बघत थांबत नाही. बारावीचा निकाल लागला की त्याच आठवड्यात कॉलेजला फोन कर आणि मूळ कागदपत्रं कधी जमा करायची, ती तारीख लिहून घे.