'सगळं बरं आहे' म्हणणाऱ्या आजोबांविषयी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल रात्री दोनदा वाचलं. तीन आठवडे तू त्या आजोबांकडे जाते आहेस, तिन्ही वेळा ते "सगळं बरं आहे" एवढंच म्हणाले, आणि परत येताना तुला वाटतं की आपण त्यांचा वेळच घेतला. ते परदेशात मुलाच्या घरी राहतात, घरात पाच माणसं आहेत, मग एकटे कसे, असंही तू विचारलं आहेस. तिथूनच सुरुवात करते, कारण परदेशात एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या माणसांना भेटण्याच्या या कामात पहिली काही वर्षं मीही तिथेच अडखळत होते.

रॉबर्ट वाइस नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये एकाकीपणाचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले. एकात जिवाभावाचं माणूस नसतं, दुसऱ्यात बरोबरीच्या माणसांचा गोतावळा नसतो, आणि एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही. आजोबांच्या घरात माया भरपूर असेल. पण त्यांच्याशी बरोबरीने वाद घालणारं, जुन्या नोकरीतली एखादी भानगड आठवून हसणारं कुणी त्या देशात आहे का? घरात ते बाबा असतात, आजोबा असतात, बाहेर अमक्याचे वडील. एका आजींनी मला सांगितलं होतं की त्यांना नावाने हाक मारून सहा वर्षं झाली. आपलं नाव आता फक्त दवाखान्यात ऐकू येतं, तेही चुकीच्या उच्चारात, असं त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून मी पहिल्याच भेटीत पूर्ण नाव विचारते, उच्चार नीट जमेपर्यंत म्हणून बघते, आणि तुम्हाला काय म्हटलेलं आवडेल तेही विचारून घेते.

आणखी एक फरक ध्यानात ठेव. तरुणपणी परदेशी येऊन, आयुष्यभर राबून तिथेच म्हातारा झालेला माणूस वेगळा, आणि सत्तरीत मुलांनी बोलावलं म्हणून आलेला वेगळा. पहिल्याला भाषा येते, रस्ते ठाऊक असतात. त्याचे सोबती मात्र एकेक करून जात असतात. पुढे स्मृतिभ्रंश झालाच तर पुष्कळदा नंतर शिकलेली भाषा आधी हातातून सुटते आणि माणूस लहानपणच्या भाषेकडे वळतो. काल चांगलं बोलणारी व्यक्ती आज उत्तर देत नाही, तेव्हा तिला तिच्या मातृभाषेत विचारून बघितल्याशिवाय काही ठरवू नकोस. दुसऱ्याची अडचण निराळी. त्याच्याकडे ना भाषा, ना स्वतःचे पैसे, आणि राहण्याची परवानगीही बऱ्याचदा मुलाच्या कागदांवर टेकलेली. अशा माणसाने "मला इथे करमत नाही" म्हणायचं तरी कुणाला? ते मुलाच्या कानावर गेलं तर त्याला वाईट वाटेल, सून मनाला लावून घेईल. म्हणून सगळं बरं असतं.

तेव्हा "एकटं वाटतं का?" असं थेट विचारू नकोस. झोप कशी लागते, दुपार कशी जाते, शेवटचं पोटभर हसणं कुणाबरोबर झालं, असं विचार. मनाचं दुखणं या पिढीत बहुतेक शरीराच्या वाटेने बोलतं: पाय जड झालेत, छातीत धडधडतं, अन्नावरची वासना गेली. ऐकून सोडून देऊ नकोस आणि हे मनाचंच आहे असं ठरवूनही टाकू नकोस. डॉक्टरांना दाखवायला हवं.

डॉक्टरांकडे जाताना दुभाषी कोण असेल, ते आधी विचार. बहुतेक घरांत हे काम नातवंडावर येतं. दहा-बारा वर्षांच्या नातीसमोर आजी लघवीचा त्रास सांगणार नाही, आणि मरणाचे विचार येतात हे तर मुळीच नाही. ती मान हलवेल, हसेल, आणि तपासणी तिथेच संपेल. दुभाष्याची सोय असेल तर ती आधी मागून घ्यावी लागते. ते फोन करण्याचं काम तू अंगावर घे.

आता मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते. माणूस उंबऱ्याच्या आत का थांबला आहे, याची कारणं फार वेळा अगदी साधी असतात आणि ती सांगायची त्याला लाज वाटते. ऐकू कमी येतं. परकी भाषा गोंगाटात समजून घेणं चांगले कान असलेल्यालाही जड जातं; कान मंदावले की गप्पा म्हणजे नुसता कल्ला होतो, आणि माणूस हळूहळू बोलावणी टाळायला लागतो. स्मृतिभ्रंशाबाबत 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ मंडळाने २०२४ मध्ये टाळता किंवा कमी करता येण्याजोगे १४ धोके सांगितले. त्यांत ऐकू कमी येणंही आहे आणि उतारवयातलं एकटं पडणंही. मला तरी ही दोन कारणं एकाच घरात हातात हात घालून बसलेली नेहमी दिसली आहेत. म्हणून कान तपासून घेण्याचा आग्रह धर. स्वच्छतागृह कुठे असेल याची धास्ती हेही एक मोठं कारण आहे. पायऱ्या, अंधार पडायच्या आत परतण्याची घाई, आणि चुकलो तर कुणाला काय विचारणार, ही भीती.

एका आजोबांच्या शर्टाच्या खिशात एक चिठ्ठी असायची, चार घड्या घातलेली, घड्यांवर फाटत आलेली. बसचा क्रमांक, उतरायच्या थांब्याचं नाव, घरचा पत्ता, सगळं त्यांच्या स्वतःच्या लिपीत, जसं कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं. ती चिठ्ठी त्यांनी दोन वर्षं बाळगली आणि बसमध्ये एकदाही चढले नाहीत, कारण रस्ता चुकला तर ती वाचू शकेल असं तिथे कुणीच नव्हतं. आम्ही त्याच चिठ्ठीच्या पाठीमागे सगळं तिथल्या लिपीत लिहिलं आणि खाली मुलाचा फोन क्रमांक टाकला. मग तीन फेऱ्या केल्या. पहिल्या फेरीत मी पुढे, ते मागे. दुसऱ्यांदा ते पुढे, मी मागे, मुकाट. तिसऱ्यांदा मी उतरायच्या थांब्यावर जाऊन उभी राहिले आणि ते एकटे आले. बसमधून उतरताना त्यांनी दांडा दोन्ही हातांनी धरला होता आणि चिठ्ठी दातांत होती. उतरल्यावर आधी त्यांनी ती नीट घडी करून खिशात ठेवली, मगच माझ्याकडे बघितलं.

हे सविस्तर लिहिलं त्याला कारण आहे. त्याआधी मी एक चूक केली होती आणि ती अजून सलते. एका बाईंकडे मी सलग दोन वर्षं दर आठवड्याला जात होते. त्या तासभर आधीपासून तयार होऊन पलंगाच्या काठावर बसलेल्या असत. मला ते गोड वाटायचं. आठवडाभरात त्यांना माझ्याशिवाय कुणीच भेटत नाही, याकडे मी बघितलंच नाही. मग माझं काम बदललं, मी दुसऱ्या गावी गेले, आणि त्यांचा तो एक तासही गेला. माझ्या जागी आलेल्या मुलीला त्यांनी दार उघडलं नाही. दोन वर्षांत मी त्यांची एका शेजारणीशी ओळख करून दिली असती, त्यांच्या भाषेच्या चार बायकांपर्यंत त्यांना पोहोचवलं असतं, तर माझ्या जाण्याने इतकं रिकामं झालं नसतं. तुझ्या आजोबांच्या बाबतीत पहिल्या दिवसापासून विचार कर: मी नसेन तेव्हा त्यांच्याकडे कोण येईल, आणि ते कुणाकडे जातील?

यासाठी एक गोष्ट फार उपयोगी पडते. त्यांच्याकडे काहीतरी माग. खोटंखोटं नव्हे, खरोखर हवं असलेलं. झिम्बाब्वेत मनोविकारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी २००६ मध्ये हरारेत एक उपक्रम सुरू केला, फ्रेंडशिप बेंच. दवाखान्याच्या आवारात लाकडी बाक, आणि त्यावर बसून लोकांची दुःखं ऐकायला प्रशिक्षण दिलेल्या आज्या. नैराश्याला त्या 'कुफुंगिसिसा' हा शोना भाषेतला रोजचा शब्द वापरतात, म्हणजे फार विचार करत राहणं. २०१६ मध्ये त्याची शास्त्रीय चाचणी प्रसिद्ध झाली, आणि सहा महिन्यांनंतर बाकावर आलेल्यांची लक्षणं इतरांपेक्षा स्पष्ट कमी झालेली आढळली. तो उपक्रम स्थलांतरितांसाठी नव्हता, पण मला त्यातलं हे फार मोलाचं वाटतं की तिथे म्हाताऱ्या बायका मदत घ्यायला बसलेल्या नाहीत, द्यायला बसल्या आहेत. तुझे आजोबा आयुष्यभर काय करत होते, हे तुझ्या पत्रात कुठेच नाही. ते शोधून काढ. हिशेब असतील, सुतारकाम असेल, शिकवणं असेल. मग त्यांच्या हाताला काम दे, आणि ते काम दुसऱ्या एखाद्या माणसाच्या उपयोगाचं असू दे.

काही गोष्टींत मात्र वाट बघू नकोस. जेवण तुटलं, आवडीच्या वस्तू वाटून टाकायला सुरुवात झाली, "आता पुरे झालं" असं बोलणं वाढलं, तर तुझ्या वरिष्ठांना त्याच दिवशी सांग. मायदेशी कुणी वारल्याची बातमी आली आणि अंत्यदर्शनाला जाता आलं नाही, तर पुढचे काही आठवडे जास्त वेळा जा. ते दुःख घरातल्या लहानांना कळत नाही, कारण त्यांनी त्या माणसाला पाहिलेलंच नसतं. आणि पासपोर्ट, बँकेची कागदपत्रं, औषधं कुणाच्या ताब्यात आहेत हे त्यांना एकटं गाठून विचार. बहुतेक घरांत उत्तर साधंच असतं. जिथे नसतं, तिथे विचारणारी तू एकटीच असशील.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ च्या अहवालात म्हटलं आहे की जगात दर ६ माणसांमागे एकाला एकाकीपणा छळतो. आकडा मोठा आहे, पण त्याने दबून जाऊ नकोस. तुझ्या वाट्याला सध्या एकच घर आहे.

पुढच्या खेपेला त्यांना त्यांचं पूर्ण नाव विचार आणि तुझ्या वहीत त्यांच्याच हाताने, त्यांच्या लिपीत लिहून घे. मग ते कसं वाचायचं, ते त्यांना शिकवायला सांग. काय झालं ते मला कळव.

तुझी,
ताई