जर्मन, फ्रेंच, कोरियन की वरच्या मजल्यावरची जपानी?

प्रश्न : माझी मुलगी सात वर्षांची, इंग्रजी माध्यमात दुसरीत आहे, मुलगा चार वर्षांचा. ह्यांची नोकरी जर्मन कंपनीत, म्हणून त्यांचा आग्रह जर्मनचा. कॅनडातले दीर म्हणतात फ्रेंच शिकवा, पुढे तिकडे यायला उपयोग होईल. मोठ्या जावेची मुलगी कोरियन मालिका बघते, तिचं पाहून आमची ‘कोरियनच’ म्हणून बसली आहे. एका ऑनलाइन क्लासवाल्यांनी सांगितलं की आठ वर्षांच्या आत सुरू केलं नाही तर दार बंद होतं. ते वर्षाची फी एकदम मागतात. शिवाय सासूबाई सटाण्याकडच्या, मुलांशी अहिराणी बोलतात. घरात मराठी, शाळेत इंग्रजी आणि हिंदी. आणखी एका भाषेनं गोंधळ होईल का? आमच्या वरच्या मजल्यावर नागोयाहून परतलेलं कुटुंब राहतं, त्यांची मुलगी आणि आमची दिवसभर एकमेकींकडे असतात. ती अजून आईशी जपानीच बोलते, म्हणून आता माझ्या मनात जपानीही आलं. कोणती भाषा निवडू? – एक आई, नाशिक

उत्तर : ताई, आधी त्या आठ वर्षांच्या दाराबद्दल, कारण त्या भीतीपोटी तुम्ही वर्षाची फी भरायला निघाला आहात. ती भरू नका.

कानाचं वय असतं हे खरं, पण ते क्लासवाल्यांनी सांगितलं तसं नसतं. १९८४ साली व्हँकुव्हरमध्ये जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी इंग्रजी घरांतल्या तान्ह्या बाळांना हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता. वर्षाची होईपर्यंत बहुतेकांना तो कळेनासा झाला. म्हणजे कान आपल्या घरच्या भाषेकडे वळायला पाळण्यातच सुरुवात होते. आठव्या वाढदिवसाला अचानक काही बंद होत नाही. सात वर्षांची मुलगी परक्या भाषेचे उच्चार छान उचलते, आणि बारा वर्षांचीही, चांगला शिक्षक मिळाला तर.

दुसरी गोष्ट क्लासच्या जाहिरातीत कधीच नसते. बार्सिलोनात कार्मेन मुन्योझ यांच्या गटानं इंग्रजी शिकणाऱ्या मुलांचा कित्येक वर्षं माग ठेवला. काही मुलांनी आठव्या वर्षी सुरुवात केली होती, काहींनी अकराव्या. तास सारखे झाल्यावर तपासलं तेव्हा अकराव्या वर्षी सुरू केलेली मुलं पुढे होती. लहान मूल परक्या भाषेत राहायला गेलं, दिवसभर तीच ऐकू लागलं, तर काही वर्षांत ते मोठ्यांना मागे टाकतं. आठवड्याला एक तासाच्या वर्गात मात्र त्याचं बालपण त्याला तसा फायदा देत नाही, कारण मोठं मूल वाचू शकतं, नियम पकडतं, वही नीट ठेवतं. मी पुण्यात जर्मन शिकवते. हिशेब करते : जर्मनची ‘ए वन’ ही पहिली पायरी गाठायला साधारण शंभर-दीडशे तास धरा. आठवड्याला एक तास, सण-परीक्षा-मामाचं गाव वजा करता वर्षाचे चाळीस. म्हणजे तुमच्या मुलीला तीन वर्षं तरी लागतील. हीच मुलगी सहावीत गेल्यावर आठवड्याला तीन तास बसली तर वर्षा-सव्वा वर्षात तिथे पोचेल. जर्मन शिकवणाऱ्या गटे इन्स्टिट्यूटची मुलांसाठीची पहिली परीक्षासुद्धा दहा वर्षांच्या पुढच्यांसाठी आहे.

म्हणून ह्यांना सांगा, जर्मन कुठे पळून जात नाही. मला तिच्याबद्दल जीव आहे म्हणूनच सांगते, ती घाईत आणि कंटाळ्यात सुरू झालेली मला बघवत नाही. आणि आपल्या मुलांना ती पुढे फार परकी वाटत नाही : तीन लिंगं आपल्याकडेही आहेत, आणि जर्मन मूलही ‘एकवीस’ म्हणताना आपल्यासारखं आधी एक म्हणतं, मग वीस.

दिरांचा मुद्दा काळजीपोटी आहे, पण अवेळी आहे. कॅनडात स्थायिक व्हायला फ्रेंचचे जादा गुण मिळतात हे बरोबर. ते मोठेपणी दिलेल्या परीक्षेचे मिळतात, आणि तिचा निकाल दोनच वर्षं धरला जातो. तुमची मुलगी नोकरीच्या वयाची होईल तेव्हा २०४० उजाडलेलं असेल. तेव्हा कोणत्या देशाला कोण हवं असेल यावर आज पैसे लावू नयेत.

कोरियनचा हट्ट मला आवडला. मुलाला स्वतःहून एखादी भाषा हवीशी वाटणं हे मोलाचं आहे, ते मोडू नका. राजा सेजोंगनं पंधराव्या शतकात घडवून घेतलेली हंगुल लिपी सुट्टीत सहज शिकता येते. आज तिची मूळ अक्षरं चोवीसच आहेत, आणि त्यातल्या व्यंजनांचे आकार जीभ-ओठांची ठेवण बघून ठरवलेले आहेत. मे महिन्यात बहिणी-बहिणी बसून शिकू देत, एकमेकींना चोरून चिठ्ठ्या लिहू देत. क्लास नको.

आणि आता वरचा मजला. तुमच्या पत्रात तो सगळ्यात शेवटी आहे, मी मात्र तिथेच थांबले.

अमेरिकेत पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. नऊ महिन्यांच्या बाळांशी मँडरिन ही चिनी भाषा बोलणारी माणसं प्रत्यक्ष खेळली, तेव्हा बाळं ते आवाज शिकली. तेच खेळ, तीच माणसं पडद्यावर दाखवली, तेव्हा बाळं काही म्हणता काही शिकली नाहीत. तुमची मुलगी तान्ही नाही, व्हिडिओतून ती चार शब्द उचलेलही. पण सात वर्षांच्या मुलीला परकी भाषा बोलावीशी का वाटेल? समोर कुणीतरी त्या भाषेत हसत असेल, भांडत असेल, खाऊ वाटत असेल तर. नाशिकमध्ये जपानी बोलणारी मैत्रीण एक जिना चढून मिळत असताना तुम्ही ऑनलाइन क्लासची फी भरायला निघाला आहात.

तेव्हा माझं उत्तर जपानी. ती पुढे जाऊन जास्त उपयोगी ठरेल असं मी म्हणत नाही. आज तिच्याशी जपानीत बोलणारं माणूस आहे म्हणून ती.

जपानी मराठी मुलांच्या तोंडात चांगली बसते. त्यांची वर्णमाला अ-इ-उ-ए-ओ अशी सुरू होते आणि मग क, स, त, न, ह, म, य, र, व. हा क्रम बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अभ्यासातून तिकडे रुजला, तुमच्या मुलीला तो ओळखीचाच वाटेल. क्रियापद शेवटी येतं आणि विभक्ती शब्दाच्या मागे लागते : ‘गाक्को नि इकिमास’, म्हणजे ‘शाळेला जाते’, शब्दाला शब्द.

आधी त्या मुलीच्या आईशी बोला. तिला कदाचित वेगळीच चिंता असेल, कारण परदेशातून परतलेली मुलं तिथली भाषा भराभर विसरतात. जपानीत खेळणारी आणखी एक मुलगी तिलाही हवीच असेल. आठवड्यातून दोन संध्याकाळी, त्यांच्या घरी, तासभर जपानीच बोलायचं असं ठरवा. मैत्रिणीला मास्तरीण करू नका, नाहीतर मैत्री जाईल. खेळ त्यांच्याकडे भरपूर आहेत. ‘जान-केन-पोन’, म्हणजे दगड-कागद-कात्री, करून राज्य कुणावर ते ठरवायचं. ‘शिरितोरी’ म्हणजे आपल्या भेंड्याच, फक्त गाण्यांऐवजी शब्दांच्या : आधीच्या शब्दाच्या शेवटच्या अक्षरावरून पुढचा शब्द, आणि ‘न्’वर संपणारा शब्द ज्याच्या तोंडून निघाला तो बाद. खाऊ समोर आला की ‘इतादाकिमास’ म्हणून मगच हात लावायचा. त्यांनी नागोयाहून मुलांची चित्रांची पुस्तकं आणली असतील तर ती मोठ्यानं वाचून घ्या. लिहायचं झालं तर हिरागाना ही उच्चारांची साधी लिपी, ४६ अक्षरं, तीही सहा महिन्यांनी. चित्रलिपीच्या वाटेला जाऊ नका. जपानी मुलांनाही पहिलीत त्यातली ८०च चिन्हं शिकवतात आणि प्राथमिकच्या सहा वर्षांत १,०२६. परीक्षा, प्रमाणपत्र काही नको. चार वर्षांच्या भावाला सोबत जाऊ द्या, तो कोपऱ्यात बसून काय काय उचलेल ते बघत राहा.

बदल्यात पैसे द्यायचे की नाही ते तुम्ही दोघी ठरवा, पण एक देणं मी सुचवते. नागोयात वाढलेल्या मुलीला देवनागरी वाचन जड जात असणार. तुमचीही इंग्रजी माध्यमात आहे. ती मराठी पुस्तक न अडखळता वाचते का, हे आज रात्री बघा. अडखळत असेल तर दोघींना रोज वीस मिनिटं मराठी वाचायला तुमच्याकडे बसवा. हे जपानीच्याही आधी. एका भाषेत नीट वाचता आलं की दुसरीत वाचणं सोपं जातं, आणि ती पहिली भाषा आपली असावी असं मला मनापासून वाटतं. त्यानंतर सासूबाईंनी दोघींना अहिराणीत गोष्ट सांगावी.

हो, अहिराणीतच. गोंधळाची भीती सोडा. मूल कधीमधी एका वाक्यात दोन भाषा मिसळेल, पण कुणाशी काय बोलायचं हे त्याला लवकर कळतं. आजीशी ‘माले-तुले’ आणि शाळेत ‘मला-तुला’ करणारं तुमचं मूल आत्ताच ते करतं आहे. चार भाषांत घर सांभाळायचं म्हणून कुणी तुम्हाला अहिराणी कमी करायला सांगितलं, तर ऐकू नका. जर्मनचे वर्ग पुढेही असतील. सटाण्याकडची, बागलाणची अहिराणी मुलांना आजीच देऊ शकते.

वरचं कुटुंब दोन वर्षांनी पुन्हा परदेशी गेलं तर? तर जपानी मागे पडेल. पडू दे. मुलगी सहावीत गेली की तिलाच विचारा. तोवर तिला परक्या भाषेत तोंड उघडायची लाज वाटत नसेल, आणि वर्गात बसणाऱ्या मोठ्या मुलांची मोडायला मला सर्वांत जास्त वेळ लागतो ती हीच लाज.

*

प्रश्न : आम्ही मडगावचे. माझी आई ८३ वर्षांची, लिसेवात, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या माध्यमिक शाळेत, शिकलेली, पोर्तुगीज अस्खलित बोलते. पण बोलणार कुणाशी? नातू सहा वर्षांचा आहे. त्याच्या शाळेत पाचवीपासून फ्रेंच मिळतं. पोर्तुगीजचा आज काही उपयोग आहे का?

उत्तर : तुमचा प्रश्न नाशिकच्या ताईंपेक्षा सोपा आहे. आजच सुरू करा. १९६१च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला तेव्हा शाळेत असलेली पिढी आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहे, हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको.

आईंना ‘शिकव’ म्हणू नका. संध्याकाळचा चहा आणि पत्त्यांचा एक डाव, एवढा वेळ त्यांनी नातवाशी पोर्तुगीजच बोलावं. तो कोकणीत उत्तर देईल, देऊ दे. त्या थकल्या की थांबायचं.

उपयोग विचारलात म्हणून सांगते : ब्राझील, अंगोला, मोझांबिक धरून वीस कोटींहून जास्त माणसं ही भाषा बोलतात. पुढे वाढवायची झाली तर गोवा विद्यापीठात पोर्तुगीजचा विभाग आहे, पणजीत फोंतायन्यांत ‘फुंदासांव ओरिएंत’ ही पोर्तुगीज संस्था आहे. तिथे मुलांच्या वर्गांची चौकशी करा. पाचवीत त्याला फ्रेंच जरूर घेऊ द्या. दोन्ही लॅटिनमधून आलेल्या आहेत, आजीकडून ऐकलेले कितीतरी शब्द त्याला तिथे थोड्या वेगळ्या वेषात भेटतील.