ह्यूस्टनजवळ पब्लिक लँडवर रानडुकराची शिकार करायचीय, सुरुवात कशी करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ह्यूस्टनला येऊन वर्ष झालं, एच-वन-बीवर आहात, ऑफिसातले लोक दर वीकेंडला डुकरं मारून आणतात, तुमच्या ओळखीत कुणाचा रँच नाही आणि गाइडला पैसे द्यायचे नाहीत, तर सॅम ह्यूस्टन नॅशनल फॉरेस्ट या सरकारी जंगलात स्वतःचं स्वतः जाऊन जमेल का.

जमेल. पण ऑफिसातले लोक जे करतात ते वेगळं आणि तुम्ही करणार ते वेगळं. त्यांची डुकरं रँचवरची. तिथे फीडर टांगलेला असतो, ठरल्या वेळेला मका पडतो आणि डुकरं रेशनच्या लायनीत उभी राहावीत तशी येतात, नाहीतर मग रात्री थर्मल स्कोप (अंगाच्या उष्णतेवरून जनावर दाखवणारी दुर्बीण) लावून मारतात. पब्लिक लँडवर, म्हणजे सगळ्यांना खुल्या सरकारी जमिनीवर, मका टाकायचा नाही, रात्री जायचं नाही, आणि तिथे जी डुकरं उरलीत ती माणसाला पुरती ओळखून आहेत. मला पहिलं डुक्कर मिळायला दोन सीझन लागले. पहिल्या सीझनला तर मी फक्त डुकरांची पाठ बघितली, तीही दोनदा.

आधी कागदपत्रं, कारण इथेच सगळ्यात जास्त अफवा आहेत. "टेक्ससमध्ये डुकराला लायसन्स लागत नाही" हे तुम्हाला दहा जण सांगतील. ते अर्धं खरं आहे. २०१९ च्या सप्टेंबरपासून प्रायव्हेट जमिनीवर मालकाची परवानगी असेल तर लायसन्स लागत नाही. पब्लिक लँडवर लागतं. शिवाय वर ॲन्युअल पब्लिक हंटिंग परमिट लागतं, ते ४८ डॉलरचं. रेसिडेंट हंटिंग लायसन्स २५ डॉलर, त्यासाठी टेक्ससमध्ये सलग सहा महिने राहिलेलं असावं लागतं, तुमचं वर्ष झालंय म्हणजे प्रश्न नाही. जन्म २ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतरचा असेल तर हंटर एज्युकेशन कोर्स करावा लागतो, मोठ्या माणसांना तो ऑनलाइन करता येतो. कंटाळवाणा आहे पण करा, कुंपण ओलांडताना बंदूक कशी ठेवायची असल्या गोष्टी आपल्याला कुणी लहानपणी शिकवलेल्या नसतात.

आता एच-वन-बीचं. हे नीट वाचा, कारण इथे चुकलात तर डुक्कर राहिलं बाजूला, व्हिसा जाईल. अमेरिकेच्या फेडरल कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या (एच-वन-बी त्यातलाच) माणसाला बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगायलाच बंदी आहे. विकत घेणं सोडा, मित्राची "जरा धर रे" म्हणून हातात घेतलेलीसुद्धा त्यात येऊ शकते. याला काही मोजके अपवाद आहेत, त्यातला आपल्या कामाचा म्हणजे कुठल्याही राज्याचं चालू हंटिंग लायसन्स तुमच्याकडे असणं. म्हणून क्रम असा: आधी लायसन्स, मग नेमबाजीच्या रेंजवर जाणं, मग बंदुकीचा विचार. माझा क्रम उलटा झाला होता, एका कलीगबरोबर हौसेने रेंजवर जाऊन आलो आणि नंतर कुणीतरी हा नियम सांगितल्यावर आठवडाभर झोप नव्हती. दुसरी मेख अशी की टेक्ससचं नेहमीचं लायसन्स ३१ ऑगस्टला संपतं. बंदूक घरात आणि लायसन्स संपलेलं, म्हणजे १ सप्टेंबरला तुमच्या डोक्यावरचं छप्पर उडालं. मी फोनमध्ये चार रिमाइंडर लावायचो. ग्रीन कार्ड आल्यावर ही कटकट गेली. मी वकील नाही, तेव्हा तुमच्या इमिग्रेशन वकिलाला एक मेल टाकून विचारून घ्याच. आणि हे सगळं नकोच वाटत असेल तर धनुष्य किंवा क्रॉसबो घ्या, त्याला हा फेडरल बंदुकीचा नियम लागत नाही, लायसन्स आणि परमिट मात्र तेच.

बाकीचे नियम पटकन सांगतो. पब्लिक हंटिंगचं पुस्तक (ऑनलाइनही आहे) वाचा, जंगलाच्या कुठल्या युनिटवर कुठल्या तारखांना कुठलं हत्यार चालतं ते प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं, हरणाचा सीझन नसताना रायफल चालेलच असं धरू नका. भडक ऑरेंज रंगाचं जॅकेट आणि टोपी घालायची, एकूण ४०० चौरस इंच दिसला पाहिजे, छातीवर, पाठीवर आणि डोक्यावर. डुकराला त्या रंगाचं काही पडलेलं नाही, तो दुसऱ्या शिकाऱ्यासाठी आहे. घर, कॅम्प, लोकांचा वावर असलेली जागा यांच्यापासून १५० यार्डांच्या आत बार काढायचा नाही, रस्त्यावरून आडवा तर नाहीच. त्या जंगलातून लोन स्टार हायकिंग ट्रेल जातो आणि त्यावर सकाळी सकाळी कानात इयरफोन घातलेली माणसं असतात, हे लक्षात असू द्या.

आणि जांभळा रंग! झाडावर किंवा खांबावर जांभळ्या रंगाचा उभा पट्टा दिसला की तिथून पुढे प्रायव्हेट जमीन, आत जायचं नाही, टेक्ससमध्ये पाटी लावल्यासारखंच धरतात त्याला. सॅम ह्यूस्टन फॉरेस्ट नकाशात हिरवंगार एकसंध दिसतं पण मधे मधे लोकांच्या जमिनींची ठिगळं आहेत. जमिनीच्या हद्दी दाखवणारं ॲप फोनमध्ये ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा, आत मोबाइलची रेंज जाते.

आता मुद्द्याचं. पहिल्या तीन-चार फेऱ्या बंदुकीशिवाय करा. मी हे सगळ्यांना सांगतो आणि कुणी ऐकत नाही. हातात बंदूक असली की माणूस डुक्कर शोधतो, नसली की डुकराचा माग शोधतो, आणि पब्लिक लँडवर दुसरंच कामाचं आहे. माझं गाव सिंधुदुर्गातलं, आजोबांच्या काळात म्हणजे १९७२ चा कायदा यायच्या आधी गावात पारध व्हायची, दहा-बारा माणसं हाका घालणार, चार जण वाटेवर बसणार, मग मटणाचे वाटे. त्या गोष्टी ऐकून मला वाटायचं आपल्या रक्तातच आहे. कसलं काय, इथे तुम्ही एकटे, ना हाकारे ना कुत्रे, आणि डुक्कर तुमच्या दहा पावलं पुढे.

नकाशावर ओढे बघा. डुकराला नीट घाम येत नाही म्हणून त्याला चिखल लागतो, त्यामुळे पाण्यापासून ते फार लांब राहत नाही. ओढ्याच्या काठची सखल, ओली जमीन, जिथे पाल्मेटोची (पंख्यासारख्या पानांची) झुडपं दाट आहेत आणि वर ओकची झाडं आहेत, तिथे जा. थंडीच्या सुरुवातीला ओकची फळं गळतात आणि डुकरं तीच खात फिरतात. जमीन कुणीतरी अर्धवट नांगरून सोडल्यासारखी उकरलेली दिसेल. आता ती कधीची हे बघायचं. माती काळी, ओलसर आणि तिच्यावर एकही पान पडलेलं नाही म्हणजे काल-आजची. कडा वाळून पांढरट झाल्या, वर पाइनच्या सुया पडल्या, म्हणजे आठवडा झाला, पुढे चला. लोळायच्या डबक्यातलं पाणी गढूळ असेल तर थांबा, आवाज करू नका, ती आत्ताच उठून गेलीत. डबक्याशेजारी एखादं झाड असतं ज्याच्या बुंध्यावर अंग घासून चिखल लागलेला असतो, त्या चिखलाची उंची बघा, डुक्कर केवढं आहे ते कळतं. माझ्या गुडघ्याच्या वर दिसला की मी जरा आजूबाजूला चढायला झाड आहे का बघून ठेवतो, हसू नका. खुराचा ठसा हरणासारखाच दुभंगलेला पण बोथट आणि गोलसर, हरणाचा पुढे टोकदार असतो.

वारं. डुकराला दिसतं कमी, ऐकू बरं येतं, आणि वास असा येतो की तुम्ही काल काय जेवलात ते त्याला कळत असावं. माझा पहिला अख्खा सीझन यात गेला, मी आवाज न करता अगदी मांजरासारखा चालायचो आणि वारं माझ्या पाठीवरून पुढे. एकदा झुडपात "हुफ्" असा एकच आवाज झाला आणि मग सगळं रान मोडल्यासारखी पळापळ, मला एक शेपूट दिसलं. तेव्हापासून खिशात टाल्कम पावडरची छोटी बाटली. दर पाच मिनिटांनी जराशी फुस्स करून उडवायची, पावडर तोंडावर आली तर चालत राहा, पुढे गेली तर लांबून वळसा घ्या. ओढ्याच्या खोलगट भागात सकाळी वारं एकीकडे आणि ऊन चढल्यावर भलतीकडेच, त्यामुळे एकदा बघून भागत नाही.

माझं पहिलं डुक्कर डिसेंबरातल्या एका मंगळवारी. मंगळवार मुद्दाम, कारण वीकेंडला पार्किंगमध्ये पिकअपच्या रांगा असतात. ओढ्याकडेने चाललो होतो, पावडर तोंडावर, आणि आधी आवाज ऐकू आला. डुकरं खाताना भांडतात, मधेच एखादं किंचाळतं, अगदी शाळेच्या मधल्या सुट्टीसारखं. मी खाली बसलो आणि वीस मिनिटं ढुंगणावर सरकत गेलो. सात होती. एक मोठी मादी, तिला नाही मारली, बाजूला मध्यम आकाराचं एक, पस्तीसेक किलोचं, आडवं उभं राहिलं चाळीस यार्डांवर. डुकराचं काळीज हरणापेक्षा खाली आणि पुढे असतं, पुढच्या पायाच्या रेषेत, शरीराच्या खालच्या तिसऱ्या भागात. हरणासारखा खांद्याच्या मागे वर नेम धरला तर डुक्कर जखमी होऊन झुडपात जातं आणि मग तुम्ही हातापायावर त्याच्या मागे, तो अनुभव कुणालाच नको. मोठ्या नराच्या खांद्यावर कातडीखाली ढालीसारखा जाड टणक थर असतो, म्हणून हलकी गोळी नको. हरणाला चालते ती रायफल डुकराला चालते, माझी थ्री-ओ-एट कॅलिबरची आहे. तीस यार्ड पळून पडलं. मी तरी पंधरा मिनिटं जागचा हललो नाही, हात थरथरत होते हेही एक कारण.

एक महत्त्वाचं राहिलं. झुडपात काळं काहीतरी हललं म्हणून बार काढू नका. पूर्व टेक्ससमध्ये क्वचित काळं अस्वल येतं आणि त्याला मारणं गुन्हा आहे. तोंड, कान, शेपूट दिसल्याशिवाय सेफ्टीला (बंदुकीच्या लॉकच्या खटक्याला) बोट नाही.

मारल्यानंतरचं कुणी सांगत नाही. पस्तीस किलो म्हणजे काही नाही वाटतं ना? गाडी दीड मैलावर होती. चाकू बोथट नेला होता, मटण भरायला पिशव्या नव्हत्या, आणि डिसेंबर असूनही दुपारी ऊन लागत होतं. आतडी काढून, मागच्या मांड्या आणि पुढचे फरे सुटे करून दोन फेऱ्यांत आणलं. साडेतीन तास. गाडीत बर्फ भरलेला कूलर हवाच, इथल्या उबेत मटण फार लवकर खराब होतं. आणि रबरी हातमोजे घाला, दोन जोड्या, हाताला चीर असेल तर नक्कीच. रानडुकरात ब्रुसेलोसिस नावाचा आजार असतो आणि तो रक्तातून माणसाला होतो, ताप येतो जातो आणि महिनोन्‌महिने छळतो. आतली चरबी निळी दिसली तर ते मटण खाऊ नका, कुणीतरी डुकरांना घातलेलं विष खाल्लेलं असतं, त्यात मुद्दाम निळा रंग घालतात.

शिजवायचं पूर्ण, १६० डिग्री फॅरनहाइटच्या वर, मीडियम रेअरचे लाड इथे चालत नाहीत. आपल्याला त्याची अडचण नाही म्हणा, आपण कुकरच्या पाच शिट्ट्या करणारी माणसं. मालवणी मसाल्यात सुकं छान होतं. मोठ्या नराला उग्र वास येतो, बायकोने एकदा कुकरच बाहेर बाल्कनीत ठेवायला लावला होता, तेव्हा लहान ते मध्यम मादी बघा.

आणि टिक्स, म्हणजे गोचीड. कपड्यांवर आदल्या दिवशी परमेथ्रिन हे कीटकनाशक मारून वाळवा, घरी आल्यावर सगळं अंग तपासा. तिथली लोन स्टार टिक चावली तर काही जणांना लाल मांसाची ॲलर्जी होते, म्हणजे डुक्कर मिळालं आणि मटण कायमचं सुटलं असं होऊ शकतं. विषारी सापही आहेत, कॉटनमाउथ आणि कॉपरहेड, ओढ्याकाठी पाय बघून टाका.

नवीन वर्षाची लायसन्सं ऑगस्टच्या मध्याला विकायला निघतात, तोवर कोर्स उरकून घ्या आणि एक-दोन शनिवार नुसते चालून या. काही अडलं तर खाली विचारा, सांगतो. माझा ओढा कुठला ते मात्र विचारू नका.