प्लाइट म्हणजे दुर्दशा ना, मग लग्नात कशाला?

प्रश्न असा आलाय की इंग्लंडच्या चर्चमधल्या जुन्या लग्नविधीत नवरा मुलगा 'आय प्लाइट दी माय ट्रॉथ' म्हणतो, तर हे प्लाइट म्हणजे दुर्दशाच का, आणि ट्रॉथ म्हणजे काय. लग्न म्हणजे दुर्दशाच हा जोक चार जणांनी करून झालाय, तेव्हा तो सोडून बोलू.

हे दोन प्लाइट मुळात वेगवेगळे. दुर्दशावाला फ्रेंचमधून आला, आधी त्याचा अर्थ नुसता 'अवस्था' एवढाच होता, चांगलीसुद्धा चालायची. लग्नातला मात्र अस्सल जुना इंग्रजी, मूळ अर्थ धोका, जोखीम. एखादी गोष्ट जोखमीवर लावायची म्हणजे तारण ठेवायची, असा तो सरकत गेला. जर्मनमधला फ्लिश्ट, म्हणजे कर्तव्य, याच घरातला. ट्रॉथ हे ट्रूथचंच दुसरं रूप, पण इथे अर्थ 'खरी माहिती' नाही तर इमान, दिलेला शब्द. त्यावरूनच बिट्रॉथ, म्हणजे लग्नाचं वचन देणे. म्हणजे तो म्हणतोय, माझं इमान तुझ्याकडे तारण. गंमत म्हणजे १६६२च्या प्रार्थनापुस्तकात हे प्लाइट फक्त नवऱ्याच्या तोंडी आहे, नवरी नुसतं 'गिव्ह' म्हणते.

आणि खरं सांगू का, हा सगळा शब्दसंग्रह प्रेमाचा कमी आणि सावकाराच्या वहीतला जास्त वाटतो! इंग्रजीतलं 'वेड', म्हणजे लग्न करणे, त्याच्या मुळाशी जुना 'वेड्ड' आहे, अर्थ तारण. त्याचाच जर्मॅनिक भाऊबंद फ्रेंचमध्ये जाऊन 'गेज' झाला आणि तिथून इंग्रजीत आला एंगेज आणि मॉर्गेज होऊन, त्यामुळे एंगेजमेंट आणि घराचं कर्ज हे लांबचे नातेवाईक आहेत हे लक्षात असू द्या. वेडलॉक, म्हणजे विवाहबंधन, यातलं लॉक कुलूप नाही हं, तो नुसता प्रत्यय. स्पाउस, म्हणजे नवरा किंवा बायको, लॅटिनमधून, विधिवत वचन देणे या क्रियापदावरून, स्पॉन्सरही तिथलाच.

हँडफास्ट हा मला सगळ्यात आवडणारा. हातात हात देऊन पक्कं करणे, पाणिग्रहणाची आठवण येतेच, पण हा शब्द नॉर्स भाषेतून आलाय आणि तिकडे सौदा ठरवतानाही वापरत. यातली खरी मजा व्याकरणाची. मध्ययुगीन चर्चच्या कायद्यात दोघांनी एकमेकांना 'मी तुला स्वीकारतो', 'स्वीकारते' असं वर्तमानकाळात म्हटलं की लग्न लागलं, पाद्री नसला तरी (चर्चला ते पसंत नव्हतं, पण बंधनकारक होतंच), आणि 'स्वीकारीन' असं भविष्यकाळात म्हटलं तर तो नुसता वाङ्निश्चय, पण त्यानंतर शरीरसंबंध आला की त्याचंही लग्नच धरलं जायचं. एका काळाच्या फरकावरून कोर्टात भांडणं व्हायची, साक्षीदारांना विचारायचे की नेमके शब्द काय होते!

हे इंग्लंडमध्ये थांबलं ते चर्चमधल्या रीतसर विधीची सक्ती करणाऱ्या १७५३च्या हार्डविक कायद्याने, अंमल २५ मार्च १७५४पासून. स्कॉटलंडला तो लागू नव्हता, म्हणूनच पळून जाणारी इंग्लिश जोडपी सीमेपलीकडच्या ग्रेटना ग्रीनला पोचायची. तेव्हा त्याआधीच्या काळातली गोष्ट अनुवाद करत असाल तर हँडफास्टला सरसकट साखरपुडा लिहू नका, आधी त्या दोघांनी कुठला काळ वापरलाय ते बघा.